टिनाच्या घरातला उन्हाळा: उन्हात न जाताही ऊन लागते

उंबरठा (धागाकर्ती):
नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी अकरा वर्षांपासून आशा सेविका म्हणून काम करते. मार्च लागला आहे, दुपारचे ऊन आताच डोळ्यांवर येते. मागच्या मे महिन्यात घडलेली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून उन्हाळा भरात येण्याआधी हा धागा काढते आहे.

नवतप्याचा, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतला, तिसरा दिवस असेल. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजींची विचारपूस करायला मी दुपारी दोनच्या सुमारास गेले. मुलगा आणि सून कामावर गेलेले होते. घर एका खोलीचे, भिंती विटांच्या, वर टिन, आणि जी एक खिडकी होती तीही धूळ येते म्हणून पोते ठोकून बंद केलेली. आजी खाटेवर पडून होत्या आणि त्यांनी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. सकाळपासून कणकण वाटते म्हणून त्यांनी तापाची गोळी घेतली होती आणि त्या उकाड्यात अंगावर गोधडी ओढली होती. मी हात लावला तेव्हा त्यांचे कपाळ तव्यासारखे तापलेले होते. कोनाड्यात उभी ठेवलेली मेणबत्ती मधोमध वाकून तिचे टोक फळीला टेकले होते. ती मेणबत्ती पाहिली तेव्हा त्या खोलीत काय चालले आहे ते मला कळले.

मी गोधडी काढली, १०८ ला फोन लावला, माठातले पाणी त्यांच्या अंगावर ओतले, लुगडे ओले केले आणि शेजारच्या मुलीला सुपाने वारा घालायला लावले. आजी वाचल्या. मात्र आजही चालताना त्यांचा तोल जातो आणि बोलताना शब्द अडखळतात.

गावात प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: त्या तर उन्हात गेल्याच नव्हत्या, मग त्यांना ऊन कसे लागले? आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक पत्रकात दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका असे लिहिलेले असते, आणि मीही इतकी वर्षे तेच सांगत आले. ज्याचे घरच भट्टीसारखे तापते त्याने कुठे जावे, हे मात्र त्या पत्रकात नसते. तुमच्या गावात, तुमच्या घरात जे खरोखर करून पाहिले आहे आणि ज्याचा उपयोग झाला आहे ते कृपया लिहा. थोडा खर्च लागत असेल तर तोही सांगा.

काळीमाती:
ताई, धागा वेळेवर काढलात. मी अकोला जिल्ह्यातला शेतकरी आहे. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आमचे गाव येते, म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करतो.

भरपूर पाणी प्या, हे सांगणे सोपे आहे. आमच्या विहिरीचे आणि बोअरचे पाणी इतके खारे आहे की ते पोटभर पिववत नाही. नळाचे गोडे पाणी काही दिवसांआड येते आणि ते साठवून पुरवून वापरावे लागते, त्यामुळे घरातली म्हातारी माणसे पाणी वाचवायचे म्हणून कमी पितात आणि तहान चहावर भागवतात. माझे वडील असेच करत. एकदा उन्हाळवाही (उन्हाळ्यातली मशागत) चालू असताना ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, चक्कर येऊन पडले, तेव्हा आम्हाला कळले की सकाळपासून त्यांच्या पोटात तीन कप चहाशिवाय काहीही गेलेले नव्हते.

तेव्हापासून आमच्या घरी एक शिस्त आहे. पिण्याच्या गोड्या पाण्याचा रांजण वेगळा ठेवलेला असतो आणि त्यातले पाणी दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही. शेतावर जाताना ज्वारीची आंबील किंवा मीठ घातलेले ताक बरोबर घ्यायचे, आणि वखरणी सकाळी साडेनऊच्या आत आटोपून बैल सोडायचे. डोक्याला दुपट्टा असतोच, पण तो कान आणि मान झाकेल असा बांधायचा. कांदा खिशात ठेवण्याची पद्धतही आमच्याकडे आहे आणि मी तो अजून ठेवतो. त्याचा उपयोग होतो की नाही, हे कोणी जाणकाराने सांगावे.

वैनगंगाकाठ:
मी पूर्व विदर्भातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. उंबरठाताई, तुम्ही त्या दिवशी जे केले त्यात एकही चूक नव्हती, हे आधी सांगतो. गाडीची वाट पाहत बसण्याऐवजी तुम्ही अंग निववायला घेतले, आणि उष्माघातात जीव वाचतो तो याच मिनिटांमध्ये.

त्या उन्हात गेल्या नव्हत्या तरी ऊन कसे लागले, याचे उत्तर असे आहे. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तोवर अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याच्यावर गेली की उष्णता उलटी अंगात शिरू लागते, आणि मग शरीराकडे घाम वाळवणे हा एकच मार्ग उरतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, नुसता गळून पडून उपयोग नाही. बंद खोलीत वारा नसतो, वरून तापलेले टिन उष्णता फेकत असते, आणि वयामुळे तहानही कमी लागते व घामही कमी सुटतो. त्यात रक्तदाबासाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर शरीरातले पाणी आणखी घटते. अशा गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, पण उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना एकदा अवश्य विचारावे.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. हवामान खाते मैदानी भागात ४५ अंशांना उष्णतेची लाट आणि ४७ अंशांना तीव्र लाट म्हणते. हे आकडे मोकळ्या जागी, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. टिनाखालच्या बंद खोलीत माणूस त्याहून कितीतरी जास्त सोसत असतो, आणि त्याची नोंद कुठेही होत नाही.

कांद्याविषयी: काळीमाती भाऊ, खिशातला कांदा शरीराची उष्णता ओढून घेत नाही. जेवणात खाल्ला तर त्यातले पाणी आणि क्षार अंगी लागतात, ते चांगलेच आहे. पण कांदा खिशात आहे म्हणून कोणी भर दुपारी निर्धास्तपणे निघत असेल तर तो विश्वास घातक ठरेल. कैरीचे पन्हे, ताक, आंबील यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांतून पाणी आणि मीठ दोन्ही मिळते, आणि घामातून आपण नेमके तेच गमावतो.

आता मुख्य मुद्दा. माणूस बरळू लागला, ओळखीची माणसे ओळखेनासा झाला, तोल जाऊ लागला किंवा झटके आले, तर तो उष्माघात समजावा. घाम येतो आहे म्हणजे ऊन लागलेले नाही, असे मानू नये. शेतात राबताना कोसळलेल्या माणसाचे अंग घामाने भिजलेलेही असू शकते. सावलीत न्या, कपडे सैल करा किंवा काढा, सगळे अंग ओले करा आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत गार ओल्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी मुळीच घालू नका, ते फुफ्फुसात जाते. पॅरासिटामॉलचा येथे काही उपयोग नाही. हा जंतूंचा ताप नाही, आणि आधीच ताण पडलेल्या यकृतावर त्या गोळीचा भार मात्र पडतो. अंग निववणे आधी सुरू करावे, वाटेत गाडीतही ते चालू ठेवावे.

आमच्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांच्याविषयी कळकळीने लिहितो. शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. उन्हाळ्यात लग्नाच्या मांडवातून उचलून आणलेली अशी पोरे मी पाहिली आहेत, जी नाचण्याच्या भरात दिवसभर पाणीच प्यायली नव्हती. घरात कोणी सिकलसेलग्रस्त असेल तर त्याची पाण्याची बाटली ही औषधाच्या बाटलीइतकीच महत्त्वाची मानावी.

काळीमाती:
डॉक्टरसाहेब, आभार. कांदा आता भाकरीसोबतच खाईन. एक शंका आहे. आमच्या खाऱ्या पाण्यात ओआरएसची पुडी टाकली तर चालेल का?

वैनगंगाकाठ:
नाही. ती पुडी एक लिटर गोड्या पाण्यासाठी मोजून बनवलेली असते. खाऱ्या पाण्यात ती टाकली तर क्षार प्रमाणाबाहेर जातात, आणि लहान मुलांना तर त्याने अपायच होतो. रांजणातले गोडे पाणीच वापरा. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला, जास्त मीठ नको. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मिठाची पेये नेमाने घेण्याआधी विचारून घ्यावे.

मोहफूल:
मी गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे आणि माझ्या माहेरी आजही सगळे घर तेंदूपत्ता तोडायला जाते. घराविषयी बोलणे चालू आहे, पण कामावरच्या बायकांची एक गोष्ट कोणी लिहीत नाही, ती मला लिहावीशी वाटते.

तेंदूच्या दिवसांत बायका पहाटे अंधारात निघतात, ऊन चढायच्या आत पाने तोडून घरी येतात आणि सावलीत बसून ७०-७० पानांचे पुडके बांधतात. इथपर्यंत सगळे शहाणपणाचे आहे, आणि ते कोणी पत्रक वाचून शिकवलेले नाही. अडचण नंतर सुरू होते. पुडके फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, नेऊन द्यायचे, मोजून घ्यायचे आणि उघड्या मैदानात ओळीने मांडायचे, हे काम दुपारच्याच उन्हात येते. तिथे सावली नसते आणि मोजणारा येईपर्यंत उभे राहावे लागते. माझी आई एका वर्षी तिथेच भोवळ येऊन खाली बसली होती.

त्याहून मोठे कारण सांगताना बायका लाजतात. कामाच्या ठिकाणी आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवीला जावे लागू नये यासाठी तहान मारायची, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की विचारले तर तहान लागतच नाही असे त्या सांगतात. मग लघवी चहासारख्या रंगाची होते, जळजळ होते, कंबर दुखते, आणि ते सगळे कामाच्या थकव्यावर ढकलले जाते. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि प्रथमोपचाराची पेटी असली पाहिजे असा नियम आहे, पण आडोशाची मागणी कोणी करत नाही. आमच्या बचत गटाने मागच्या वर्षी चार बांबू रोवून जुन्या साड्या गुंडाळल्या आणि फळीजवळ आडोसा उभा केला. खर्च काहीच आला नाही. त्यानंतर पाण्याचे माठ दुपारच्या आत रिकामे होऊ लागले, यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

वैनगंगाकाठ:
मोहफूलताई, हा प्रतिसाद मी आमच्या केंद्रात वाचून दाखवणार आहे. एवढीच भर घालतो की उन्हात काम करणाऱ्याने तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी घ्यावे. तसेच बाहेरगावाहून परतलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नये. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती सवय गावाबाहेर राहिल्यावर मोडते. पुण्याहून लग्नाला आलेला तरणाताठा मुलगा कोसळतो आणि त्याच्या वयाचा गावातला गुराखी तसाच चालत राहतो, त्याचे कारण हेच.

तारजोडणी:
वर्धा जिल्ह्यात वायरमन म्हणून माझे काम चालते. कुलरविषयी लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, कारण आपल्याकडे दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसे जातात, आणि त्यात पाणी भरायला गेलेल्या बायका आणि खेळणारी लेकरे असतात.

लोखंडी बॉडीच्या कुलरमध्ये पाण्याचा पंप बुडालेला असतो. त्याची वायर घासली किंवा पंप जळाला की सगळी बॉडी जिवंत होते, खाली फरशी ओली असते आणि माणूस अनवाणी असतो. अर्थिंग नीट असेल तर वाचण्याची संधी असते, पण निम्म्या घरांत तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन बोर्डात बसत नाही म्हणून तोडून टाकलेली मी पाहतो. असे कृपया करू नका. पाणी भरण्याआधी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढून ठेवा. गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर मीटरजवळ बसवून घ्या. त्याला काही हजार रुपये लागतात, पण तो एकदाच बसवायचा असतो.

दुसरी गोष्ट, ज्यावरून माझे गिऱ्हाइकांशी नेहमी वाद होतात. लोक कुलर खोलीच्या मधोमध ठेवतात आणि सगळी दारे-खिडक्या लावून घेतात. माठ जसा झिरपून गार होतो तसाच कुलर चालतो. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत येते, पाणी वाळते आणि हवा निवते. ती हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमट हवा कोंडते, मग ताट्यांतले पाणी वाळत नाही आणि अंगावरचा घामही वाळत नाही. कुलर खिडकीत लावा आणि समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवा. गोंदिया-भंडाऱ्याकडे पाऊस पडून गेल्यावर कुलर काम करत नाही, त्याचे कारणही हेच आहे. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून, टाकी घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास घरातच होईल.

ताईंच्या त्या आजींच्या घरात कुलर असता तरी, ती खिडकी पोत्याने बंद असेपर्यंत, त्याचा उपयोग झाला नसता. खिडकीवरचे तेच पोते काढून ओले करून सैल टांगले असते आणि दार उघडे ठेवले असते, तर मात्र बराच फरक पडला असता.

वैनगंगाकाठ:
पंख्याबाबतही असेच आहे. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या हवेत कोरड्या अंगावर पंखा फिरवणे म्हणजे निखाऱ्यावर भाता मारण्यासारखे आहे. आधी अंग, निदान बंडी किंवा पदर ओला करावा, मग पंख्याखाली बसावे.

ओळंबा:
मी गवंडीकाम करतो, घरकुलांची कामेही केली आहेत. सगळा दोष टिनाला देऊ नका, असे माझे म्हणणे आहे. टिन दुपारी भयंकर तापते हे खरे, पण सूर्य मावळला की ते तासाभरात निवते. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर ऊन पिऊन घेतो आणि मध्यरात्र उलटली तरी ते खोलीत सोडत राहतो. म्हणून टिनाच्या घरातल्या माणसाला दुपारी जपावे आणि स्लॅबच्या घरातल्या माणसाला रात्री. स्लॅबवर सूर्यास्तानंतर पाणी शिंपून झोपणे हे पाणी असेल त्यालाच परवडते.

जुने कवेलूचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, घर दोन्ही वेळी बरे, कारण मातीच्या भिंती जाड असतात आणि गरम हवा कवेलूंच्या फटींतून वर निघून जाते. तरी लोकांनी कवेलू का काढले, हेही समजून घ्यावे. माकडांचा कळप एकदा छतावरून गेला की शंभर कवेलू फुटतात, दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ते फेरावे लागतात आणि फेरणारे हात आता गावात उरले नाहीत. हौसेने कोणी टिन टाकलेले नाही.

टिनावर करता येण्यासारखे दोन उपाय मी स्वतः केले आहेत. पहिला म्हणजे वरून पांढरा हात देणे. नवे चकचकीत टिन ऊन परतवते, पण जेवढी उष्णता घेते तेवढी सहज सोडत नाही, आणि गंजलेले टिन तर ऊन परतवतही नाही. पांढरा थर ही दोन्ही कामे करतो. चुना नुसता लावला तर पापुद्रे निघतात, म्हणून विझवलेला चुना गाळून त्यात फेविकॉल कालवावा आणि संध्याकाळी टिन निवल्यावर दोन हात द्यावेत. पहिल्या मोठ्या पावसात तो धुऊन जाईल, दरवर्षी मार्चअखेर पुन्हा द्यावा लागेल. छपरावर चढताना पाय टिनावर न ठेवता खाली जिथे लाकूड किंवा अँगल आहे त्या रेषेवर ठेवावा, हे सांगून ठेवतो.

दुसरा उपाय म्हणजे टिनाखाली हातभर अंतर सोडून बांबूचे तट्टे ताणणे आणि मधली गरम हवा निघून जाईल अशी दोन्ही टोकांना जागा ठेवणे. चूल त्याच खोलीत असेल तर हे करू नका, आगीचा धोका आहे. छपरावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीची किंवा कपाशीची वाळलेली झाडे) पसरणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

उंबरठा:
तुम्हा सर्वांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतले आणि गेल्या आठवड्यात कामाला लागले, त्याचा वृत्तान्त देते.

टिनाखाली राहणारी आणि दुपारी घरात एकटी असणारी म्हातारी माणसे मी घरोघर फिरून मोजली. अशी एकोणीस निघाली. यापूर्वी माझ्या वहीत गरोदर बायका होत्या, लेकरे होती, पण ही यादी नव्हती. तीन घरांच्या बंद खिडक्या आम्ही मोकळ्या केल्या. आजींच्या टिनाला ओळंबा भाऊंनी सांगितल्याप्रमाणे चुन्याचा पहिला हात देऊन झाला आहे, आणि त्यांचा मुलगा आता तट्ट्यांचा विचार करतो आहे.

गावात शाळेची एक जुनी खोली आहे, दगडी जाड भिंतींची आणि कवेलूची. मे महिन्यात शाळा बंद असल्याने ती रिकामीच असते. दुपारी बारा ते पाच ती उघडी ठेवावी, तिथे दोन माठ भरावेत आणि या एकोणीस जणांना आणून बसवावे, असे मी सरपंचांना सुचवले आणि त्यांनी होकार दिला. खरी अडचण माणसांना घरातून हलवण्याची आहे. घर उघडे टाकून कसे यायचे, कोंबड्यांकडे कोण बघणार, लोकांच्यात जाऊन आडवे कसे पडायचे, असे प्रश्न मला प्रत्येक दारात ऐकावे लागले. आजी तर म्हणाल्या की त्यांच्या शेळीचे पिल्लूही त्याच टिनाखाली असते, ते आल्याशिवाय त्या येणार नाहीत. पिल्लू व्हरांड्यात बांधायचे ठरले आहे.

तारजोडणी भाऊ, एका देणगीदाराने त्या खोलीसाठी जुना कुलर देऊ केला आहे. लोखंडी आहे, पंप चालतो, पण प्लगला दोनच पिना आहेत. तो लावावा का?

तारजोडणी:
ताई, तो सध्या लावू नका, कोणाला हातही लावू देऊ नका. तुमचे गाव माझ्यापासून बसने दोन तासांवर असावे. येत्या रविवारी मी नवा प्लग, वायर आणि ब्रेकर घेऊन येतो, शाळेची अर्थिंग तपासतो, गरज पडली तर नवा खड्डा करून मीठ-कोळसा भरून घेऊ. मजुरी नको. खड्डा खणायला दोन माणसे आणि बादलीभर पाणी तेवढे तयार ठेवा.